बसा की वाईच

पेठेत एक वाडा पाडलाय. परवा भर दुपारी जोत्याचे घडीव काळे दगड टेम्पोत चढवणं चाललं होतं. मुकादम म्हणाला, "फार्महाउसला चाललेत, तिकडं लई मागणी." डोंगरातला दगड पेठेत आला, आता पेठेतला परत डोंगरात. आपण कोण बोलणार!

जोतं म्हटलं की आजोळ. जुन्नरच्या पश्चिमेचं, सह्याद्रीला टेकलेलं. भिंती दगडमातीच्या, वर कौलं, पण घराची ऐट सगळी जोत्यात. चुन्याचा थेंब नाही. दगडावर दगड, आणि फट राहील तिथं कपची ठोकलेली. हाफ चड्डीत बसलं की टाकीचे घाव मांडीला टोचायचे. एका दगडावर कुणीतरी वाघ-बकरीचा पट कोरला होता, पण रेघा पार झिजलेल्या. मामा हरायला आला की म्हणायचा, ही रेघच नाही, दगडाची चीर आहे, इथून वाघ जातोच कसा? भांडण आजीपर्यंत जायचं. आजी दोघांचे चिंचोके गोळा करून आत घेऊन जायची. रात्री जेवून तिथंच टेकलं की दिवसभराचं ऊन खालून लागत राहायचं.

त्या डोंगरांत जायचं तर अजूनही एसटीनं आणि पायी, हा माझा हट्ट. घरचे त्याला कंजूषपणा म्हणतात. म्हणोत. वाकडेवाडीला हललेल्या स्टँडला अजून 'शिवाजीनगर'च म्हणत तिथून गाडी पकडायची, घोडेगावला उतरायचं, पुढं आहुप्याकडं जाणारी जी मिळेल ती. डिंभे धरणाच्या कडेनं वळणं घेताना दर वेळी वाटतं, ज्या आंबेगावाचं नाव तालुक्याला आहे ते गाव खाली पाण्यात, आणि त्याच्या नावाचा कारभार घोडेगावात बिनबोभाट चाललाय.

उतरून चालायला लागलं की हट्टाचं फळ मिळतं. गाडीवाल्याला लोक रस्ता सांगतात, चालणाऱ्याला म्हणतात, "बसा की वाईच." मग पाण्याचा तांब्या, कोरा चहा, आणि चौकशी. पगार किती, पोरं किती, पुण्यात पाणी रोज येतं का. ट्रेकवाले इथंच घड्याळ बघतात आणि उठतात. मी नाही उठत. अंगणात बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळं, वाळत घातलेला असतो, त्यातला एखादा कुरतडत तोंड तुरट करून घेतो. खाली भातखाचरांचे दगडी बांध एकाखाली एक उतरत गेलेले. पावसाळ्यात ढासळतात, उन्हाळ्यात पुन्हा रचतात. त्याबद्दल विचारलं तर "दरसालचंच हाय," एवढंच.

माळीण याच तालुक्यातलं. ३० जुलै २०१४ ला सकाळी डोंगर खाली आला आणि गाव गाडलं गेलं. १५१ माणसं गेली. बाहेर कळलं ते एसटीच्या ड्रायव्हरमुळे. नेहमीच्या वाटेवर त्याला गाव दिसेना. त्या दिवशी पहिल्यांदाच तिथून जाणाऱ्याला नुसता चिखल दिसला असता.