तुमच्या मॉडेलची तारीख कोणती?

आमच्या डिपार्टमेंटच्या रिसर्च सेमिनारचं सगळं काम माझ्याकडे असतं, म्हणजे स्पीकर ठरवणं, पेपर आठवडाभर आधी सगळ्यांना पाठवणं आणि त्या दीड तासात घड्याळावर नजर ठेवणं. ज्यांनी अकाउंटिंगचा सेमिनार कधी बघितला नाही त्यांना सांगते, इथे भाषण नसतं. लोक पेपर वाचून येतात, पहिली दहा मिनिटं स्पीकरला कोणी अडवत नाही, आणि एकदा प्रश्न सुरू झाले की चौथ्या स्लाइडवरच वेळ संपला असंही होतं. बाहेरून आलेल्या माणसाला हे भांडणच वाटतं. पण जर्नलचा रेफरी जे कित्येक महिन्यांनी लेखी विचारणार तेच इथे समोरासमोर विचारलं जातं, आणि तेव्हा पेपर दुरुस्त करायला वेळ हातात असतो, म्हणून मला हा प्रकार मनापासून आवडतो.

मधल्या काळात विषय बदलत गेले. एक लाट ब्लॉकचेनची आली, तेव्हा क्रिप्टो ताळेबंदात कुठे दाखवायचं यावर अख्खा सेमिनार रंगला होता (आयएफआरएस, म्हणजे आंतरराष्ट्रीय हिशोब-नियम, त्यांचा अर्थ लावणाऱ्या इंटरप्रिटेशन्स कमिटीने जून २०१९ मध्ये सांगून टाकलं की नेहमीच्या धंद्यात विक्रीसाठी ठेवलेलं नसेल तर ती अमूर्त मालमत्ता, आयएएस ३८ या स्टँडर्डखाली). मग नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि तेव्हापासून लँग्वेज मॉडेल नसलेला पेपर मिळवायला शोधाशोध करावी लागते.

मी सांगतेय त्या दिवशी स्पीकर आमचीच पीएचडीची विद्यार्थिनी होती, शेवटचं वर्ष, आणि हाच पेपर घेऊन ती नोकरीच्या मुलाखतींना जाणार होती. प्रश्न जुनाच, कंपनीचे हिशोब फिरवलेले आहेत हे आधी ओळखता येतं का. मेसॉड बेनिश यांनी १९९९ मध्ये आठ गुणोत्तरांवरून एक स्कोअर काढून दाखवला होता, तो आजही शिकवला जातो. हिचं म्हणणं असं की आकड्यांसोबत मजकूरही बोलतो, वार्षिक अहवालात मॅनेजमेंट स्वतःच्या शब्दांत जे स्पष्टीकरण देतं त्यात काहीतरी निसटतंच. डेटा अमेरिकन कंपन्यांचा, कारण तिथले अहवाल नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून एडगर या सरकारी वेबसाइटवर फुकट मिळतात आणि कोण पकडलं गेलं याची यादी एसईसीच्या (तिथल्या शेअर बाजाराच्या नियामकाच्या) एन्फोर्समेंट रिलीजमधून, म्हणजे कारवाईच्या जाहीर नोंदींमधून तयार करता येते, ती रिलीज १९८२ पासूनची आहेत. तिने प्रत्येक अहवालाचा मजकूर मॉडेलला दिला आणि विचारलं, हे हिशोब पुढे चुकीचे निघण्याची शक्यता किती.

निकाल फारच छान होता. बेनिशच्या स्कोअरला कितीतरी मागे टाकणारा.

नेहमीचे प्रश्न आले आणि तिने ते व्यवस्थित परतवले. फायनान्सच्या एका सरांनी विचारलं की फ्रॉड इतका दुर्मिळ असतो की सगळ्यांना 'स्वच्छ' म्हटलं तरी अचूकता नव्याण्णव टक्क्यांच्या आसपास येते, तर तुझ्या अचूकतेला अर्थ काय? तिने अचूकता वापरलीच नव्हती, एयूसी (फसवी कंपनी स्वच्छ कंपनीच्या वर लागते का हे मोजणारा आकडा) दिला होता आणि वर मॉडेलने सर्वात संशयित ठरवलेल्या मोजक्या कंपन्यांत खऱ्या किती निघाल्या तेही दाखवलं होतं. मग दुसरा, एकाच कंपनीचा फ्रॉड तीन-चार वर्षं चालला तर तीच कंपनी ट्रेनिंगमध्येही आणि टेस्टमध्येही येते, मग मॉडेल तिला नुसतं ओळखतं, त्याचं काय? हा मुद्दा आमच्या विषयात फार संवेदनशील आहे, २०२० मध्ये जर्नल ऑफ अकाउंटिंग रिसर्चमध्ये आलेल्या एका पेपरवर पुढच्याच वर्षी याच कारणाने टीका छापून आली आणि नंतर लेखकांची दुरुस्तीही छापली गेली. ती म्हणाली, मी मॉडेलला काही शिकवलंच नाही, तयार मॉडेल घेतलं आणि नुसतं विचारलं, त्यामुळे ट्रेनिंग-टेस्टचा प्रश्न येत नाही. बऱ्याच माना डोलल्या.

मागच्या रांगेत एक सर बसले होते ज्यांचं सगळं आयुष्य ऑडिटमध्ये गेलंय, निवृत्तीनंतर आमच्याकडे एक कोर्स शिकवतात. कोडिंगशी त्यांचा संबंध नाही, पण पेपर मात्र शाईच्या पेनाने खुणा करून वाचून आणतात, आणि त्या दिवशी त्यांनी डेटाच्या पानावर एका ओळीभोवती गोल केलेला मी बघितला होता. ते म्हणाले, "मला एवढंच सांगा. मी ऑडिट रिपोर्टवर सही करतो तेव्हा खाली तारीख घालतो. त्या तारखेपर्यंत जे मला कळलं किंवा कळायला हवं होतं, तेवढ्याला मी जबाबदार. तुमचं मॉडेल २००० सालचा रिपोर्ट वाचतंय, ठीक आहे. पण तुमच्या मॉडेलची तारीख कोणती?"

ज्यांनी आयएएस १० वाचलंय त्यांना हे लगेच भिडेल. वर्ष संपल्यावर आणि हिशोब मंजूर होण्याआधी काही घडलं तर काय करायचं, एवढाच त्या स्टँडर्डचा विषय आहे. वर्ष संपल्यावर एखादा देणेकरी दिवाळखोर झाला तर बहुतेक वेळा त्याची अवस्था आधीच वाईट होती असं धरून येणी कमी करायची, पण वर्ष संपल्यावर गोदाम जळालं तर गेल्या वर्षाच्या आकड्यांना हात लावायचा नाही, नुसतं टिपेत सांगायचं. आणि आयएएस ८ तर सरळच म्हणतं की जुनी चूक दुरुस्त करताना नंतर आलेलं शहाणपण वापरू नका. कुणाला काय कधी माहीत होतं, यावर आमचा विषय उभा आहे. बॉल आणि ब्राउनचा १९६८ चा पेपर, ज्याला अकाउंटिंग रिव्ह्यूने नकार दिला होता आणि ज्याच्यावर पुढची पन्नास वर्षं संशोधन चाललं, तोही शेवटी तारखेचाच खेळ आहे, नफा जाहीर व्हायच्या आधी बाजाराला त्यातलं किती कळलेलं असतं हेच त्यांनी मोजलं.

ती म्हणाली, "सर, मॉडेलचं ट्रेनिंग २०२३ पर्यंतच्या मजकुरावर झालंय. पण मी प्रॉम्प्टमध्ये स्पष्ट लिहिलंय की तू रिपोर्टच्याच वर्षात आहेस आणि फक्त दिलेला मजकूर वापर."

"मी आर्टिकलशिपच्या पोराला सांगितलं, ही कंपनी बुडाली हे विसर आणि मग फाइल तपास, तर तो विसरेल का?"

इथे तिने जे केलं त्याचं मला आजही कौतुक वाटतं. वाद घालत बसली नाही. लॅपटॉप ओढला, स्लाइड बंद केल्या आणि म्हणाली, आपण आत्ताच बघू. मजकूर पूर्ण काढून टाकला, फक्त कंपनीचं नाव आणि वर्ष दिलं. एनरॉन, हिशोबातल्या फसवणुकीसाठी गाजलेली अमेरिकन ऊर्जा कंपनी, २०००. मॉडेलने धोका प्रचंड सांगितला, त्यात नवल काहीच नाही. मग तिने यादीतून अशी नावं घेतली जी खोलीतल्या निम्म्या लोकांनी ऐकलीही नव्हती, आणि बहुतेकांना मॉडेलने वरचाच आकडा दिला, स्वच्छ कंपन्यांना खालचा. एक ओळही न वाचता! तिच्या मुख्य टेबलातला बराचसा निकाल नुसत्या नावावर येत होता.

कुणीतरी म्हणालं नाव झाका. तिने एनरॉनच्या २००० च्या अहवालातला उत्पन्नावरचा परिच्छेद घेतला, सगळीकडे नावाच्या जागी 'कंपनी अ' घातलं आणि कारणासहित उत्तर मागितलं. परिच्छेदात काय होतं, ऊर्जेचा घाऊक व्यापार आणि एका वर्षात ४० अब्ज डॉलरवरून १०० अब्जांवर गेलेलं उत्पन्न, बाकी काही नाही. मॉडेलने धोका जास्त सांगितला आणि कारणांत लिहिलं की ताळेबंदाबाहेर ठेवलेल्या स्पेशल पर्पज कंपन्यांमधून कर्ज लपवलेलं असू शकतं. आता त्या परिच्छेदात स्पेशल पर्पज कंपन्यांचा उल्लेखच नव्हता. आम्ही सगळ्यांनी स्क्रीनवर दोनदा वर-खाली करून तपासलं. ही गोष्ट जगाला कळली २००१ च्या शरद ऋतूत, डिसेंबरमध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली, आणि मॉडेल ती २००० च्या अहवालात 'वाचत' होतं. प्रश्नपत्रिका फुटलेली असताना मिळालेल्या मार्कांवरून हुशारी ठरवण्यासारखं झालं हे.

तिच्या गाइडनी बाजू सांभाळायचा प्रयत्न केला, म्हणाले मॉडेलला आठवत असलं तरी तपास करणाऱ्याला उपयोग आहेच ना. मला हे पटलं नाही आणि मी तिथेच बोलले. जी कंपनी पकडली गेलीय तिच्यासाठी मॉडेलची गरजच नाही, गरज आहे ती ज्या कंपनीबद्दल अजून कुणीच काही लिहिलेलं नाही तिच्यासाठी, आणि नेमकी तिथेच ही आठवण कामाची नाही. गाइड गप्प बसले नाहीत, दहा मिनिटं आमचं चांगलंच जुंपलं, पण शेवटी त्यांनीच पुढचा प्रश्न मांडला, की मग करायचं काय?

आणि हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. सरळ उत्तर असं की मॉडेलच्या ट्रेनिंगनंतरचेच अहवाल घ्या. पण फ्रॉड उघडा पडायला वर्षं जातात, एसईसीची कारवाई तर त्याच्याही मागून येते, त्यामुळे ताज्या अहवालांपैकी फिरवलेले कोणते हे आज कुणालाच माहीत नसतं. स्वच्छ दिसणाऱ्यांत चोर लपलेले, मग मॉडेल बरोबर की चूक हे ठरवणार कसं? एका सहकाऱ्याने सुचवलं की जुनी मॉडेल घे, बर्ट २०१८ चं आहे, त्याला पुढचं माहीत असण्याचा प्रश्नच नाही. पण ते एका वेळी थोडाच मजकूर घेतं, लांबलचक अहवाल तुकडे करून द्यावा लागतो. दरवर्षीपर्यंतच्या मजकुरावर वेगवेगळी छोटी मॉडेल शिकवणं हा मार्ग सगळ्यात स्वच्छ, पण तेवढं कंप्युटिंग पीएचडीच्या विद्यार्थ्याला कोण देणार?

मार्ग सुचवला तो पुन्हा मागच्या रांगेनेच. ऑगस्ट २००४ पासून अमेरिकेत फॉर्म ८-के मध्ये (कंपनीने मोठी घडामोड कळवायचा फॉर्म) आयटेम ४.०२ आहे, आमच्या आधीच्या हिशोबांवर आता विसंबू नका हे कंपनीला चार कामकाजी दिवसांत जाहीर करावं लागतं. कारवाईची वाट बघायची गरज नाही, लेबल लवकर मिळतं. अडचण अशी की यातल्या बऱ्याच केसेस साध्या चुकांच्या असतात, फसवणुकीच्या नाहीत, म्हणजे पेपरचा प्रश्नच बदलतो, 'फ्रॉड कोण करतंय' ऐवजी 'कुणाचे हिशोब टिकणार नाहीत'. माझ्या मते हा प्रश्न जास्त प्रामाणिक आहे, कारण मजकुरावरून हेतू ओळखता येतो असा दावा करायची गरजच उरत नाही.

वेळ केव्हाच संपली होती, मी थांबवलं नाही. पुढच्या वर्गाची मुलं दारात येऊन उभी राहिली तेव्हा आम्ही उठलो.

तिने पेपर जवळजवळ नव्याने लिहिला. सॅम्पल ट्रेनिंगनंतरच्या अहवालांचं, लेबल आयटेम ४.०२ चं, आणि पहिलंच टेबल फक्त नाव आणि वर्ष देऊन मिळालेल्या निकालाचं, म्हणजे वाचणाऱ्याला आठवण किती आणि वाचन किती हे आधीच दिसतं. कामगिरी बरीच खाली आली, जुन्या गुणोत्तरांपेक्षा थोडीशीच वर आहे. पण जे थोडं उरलंय ते तिचं आहे, आणि मुलाखतीत कुणीही कुठूनही विचारलं तरी ती उभी राहू शकते. नोकरी मिळाली तिला, हेही सांगून टाकते.

मी मात्र त्या दिवसापासून स्पीकरना पाठवायच्या मेलमध्ये एक ओळ वाढवलीय, लँग्वेज मॉडेल वापरलं असेल तर ट्रेनिंगची तारीख पहिल्या स्लाइडवर हवी आणि नावावरची चाचणी सोबत हवी. काहींना राग येतो. एकाने कळवलं की नाव झाकलंय, तेवढं पुरे, त्याला मी 'कंपनी अ' ची गोष्ट लिहून पाठवली.

ऑडिटवाल्या सरांचं समाधान अजून झालेलं नाही. परवा भेटले तेव्हा विचारत होते, मॉडेल बनवणारी कंपनी मधेच आवृत्ती बदलते तेव्हा तारीखही सरकते, ते तुम्ही कुठे नोंदवता? विद्यार्थिनी आता प्रत्येक उत्तरासोबत आवृत्ती आणि रन केल्याची वेळ साठवते, पण जुनी आवृत्ती बंद झाली की तोच निकाल पुन्हा काढून दाखवता येत नाही, आणि ऑडिटरच्या भाषेत सांगायचं तर वर्किंग पेपर्सच, म्हणजे तपासणीचे पुरावेच गेले. यावर आमच्याकडे अजून उत्तर नाही. पुढच्या सत्रात याच विषयावरचा एक पेपर लावलाय, आणि सरांना तो आधीच पाठवलाय.