वजाबाकीतली चूक आणि शिकवणाऱ्या यंत्रापुढचे प्रश्न

३०५ वजा १८७ या उदाहरणाचे उत्तर ११८ आहे. समजा, एका विद्यार्थ्याने २८२ लिहिले, दुसऱ्याने २१८ आणि तिसऱ्याने २८, तर तिघांच्याही वहीत सारखीच फुली पडते. वास्तविक तिघांची अडचण निरनिराळी आहे. पहिला विद्यार्थी प्रत्येक स्थानावर मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतो, मग मोठा अंक वर असो की खाली. दुसऱ्याला दशकस्थानच्या शून्याचे नऊ करायचे हे माहीत आहे, पण त्यासाठी शतकातला एक कमी करायचा असतो हे त्याच्याकडून राहून जाते. तिसरा शून्य ओलांडून दोन्ही वेळा थेट शतकाकडूनच उसने घेतो. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ मध्ये ‘बगी’ या संगणकप्रणालीवरील संशोधन प्रसिद्ध केले आणि अशा चुका बहुतेकदा निष्काळजीपणाच्या नसून विद्यार्थी एक चुकीची रीत अगदी इमानेइतबारे पाळत असतो, हे दाखवून दिले. गणिताच्या सरावाच्या सॉफ्टवेअरशी माझा रोजचा संबंध आहे आणि या क्षेत्रातले नवे काहीही वाचताना मी याच संशोधनाकडे पुन्हा पुन्हा वळतो, कारण प्रगत शिक्षण तंत्रज्ञानातला सर्वांत कठीण प्रश्न त्यात उघडपणे मांडलेला आहे: विद्यार्थ्याच्या मनात काय चालले आहे, हे यंत्राला त्याच्या उत्तरावरून कसे कळावे?

उत्तर तपासण्याचे काम यंत्रांना फार पूर्वीच जमले. सिडनी प्रेसी यांनी १९२० च्या दशकात बहुपर्यायी प्रश्न तपासणारे यंत्र तयार केले होते, बी. एफ. स्किनर यांची शिकवणारी यंत्रे १९५० च्या दशकातली, तर इलिनॉय विद्यापीठातली ‘प्लेटो’ ही संगणकप्रणाली १९६० मधली. उत्तरामागचा विचार ओळखण्याचा प्रश्न मात्र आजही पुरता सुटलेला नाही.

कार्नेगी मेलन विद्यापीठात अल्बर्ट कॉर्बेट आणि जॉन अँडरसन यांनी १९९० च्या दशकात या प्रश्नावर एक देखणा मार्ग काढला. प्रत्येक कौशल्यासाठी त्यांनी चार संभाव्यता धरल्या: विद्यार्थ्याला ते आधीच येत असण्याची, एका प्रयत्नानंतर ते आत्मसात होण्याची, येत असूनही हातून चूक होण्याची आणि येत नसताना अंदाजाने उत्तर बरोबर येण्याची. प्रत्येक उत्तरानंतर गणिती नियमाने अंदाज सुधारला जातो आणि विद्यार्थ्याला ते कौशल्य आल्याची संभाव्यता ठरावीक मर्यादेच्या, बहुधा ०.९५ च्या, पुढे गेली की प्रणाली पुढचा भाग उघडते. मला या रचनेचा आदर वाटतो, कारण ती काय गृहीत धरते हे कोणत्याही शिक्षकाला समजावून सांगता येते. २०१५ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी याच कामासाठी न्यूरल नेटवर्क, म्हणजे भरपूर उदाहरणांतून आपोआप शिकणारी गणिती रचना, वापरले आणि भाकितांची अचूकता बरीच वाढल्याचे मांडले, परंतु जुन्या पद्धतीत थोड्या सुधारणा केल्या की हा फरक पुष्कळसा मिटतो, असे पुढच्याच वर्षी दुसऱ्या संशोधकांनी दाखवले. माझ्या मते खरी अडचण अचूकतेच्या पलीकडे आहे. पुढचे उत्तर चुकेल हे भाकीत बरोबर ठरले, तरी ते का चुकेल हे प्रणालीला सांगता येत नसेल, तर शिक्षकाने त्या भाकिताचे करायचे काय?

त्यातच विद्यार्थी यंत्राशी कसा वागतो, हाही प्रश्न असतो. प्रणालीच्या नोंदींमध्ये एक ओळ अशी दिसते: प्रश्न उघडला, दोन सेकंदांत सूचना (उत्तराकडे नेणारा इशारा) मागितली, आणखी एका सेकंदात दुसरी, मग तिसरी, आणि तिसऱ्या सूचनेत दिलेले उत्तर जसेच्या तसे भरले. हिशेबात हा प्रश्न सुटलेला असतो. रायन बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ पासून या वर्तनाचा पद्धतशीर अभ्यास केला आणि असे करणारे विद्यार्थी कमी शिकतात, हे दाखवले. मात्र पटापट सूचना वाचून सोडवलेले उदाहरण नीट समजून घेणारा विद्यार्थीही नोंदींमध्ये जवळपास असाच दिसतो आणि दोघांना वेगळे ओळखणे सोपे नाही.

विद्यार्थ्याच्या प्रत्येक पायरीवर लक्ष ठेवणारी प्रणाली बांधणे खर्चिक असते. एका तासाच्या अध्यापनासाठी दोनशे ते तीनशे तासांचे निर्मितीकाम लागते, असा अंदाज या क्षेत्रात वर्षानुवर्षे सांगितला जात आला आहे, कारण विषयतज्ज्ञाने प्रत्येक योग्य मार्ग आणि प्रत्येक नेहमीची चूक आधीच मांडून ठेवावी लागते. चॅटजीपीटीसारखी भाषिक मॉडेल आल्यापासून हा खर्च झपाट्याने कमी होईल अशी आशा आहे आणि प्रश्न, स्पष्टीकरणे व सूचना लिहिण्यापुरती ती बरीच खरीही आहे. परंतु उदाहरण सोडवता येणे आणि दुसऱ्याने ते कुठे चुकवले हे ओळखणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. ही मॉडेल मदतीला तत्पर राहतील अशा रीतीने घडवलेली असल्यामुळे ती उत्तराकडे धाव घेतात, आणि चांगल्या शिक्षकाला तर नेमके कधी गप्प बसायचे हे कळावे लागते. हा संयम मॉडेलमध्ये कसा आणायचा आणि तो आला आहे हे कशावरून ठरवायचे, हा मला सध्याच्या संशोधनातला सर्वांत मोलाचा विषय वाटतो.

हा संयम नसेल तर काय होते, याचा पुरावाही आता हाती आहे. तुर्कस्तानातल्या सुमारे एक हजार माध्यमिक विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. साधे संभाषण करणारे मॉडेल हाताशी असलेल्या विद्यार्थ्यांनी सरावात ४८ टक्के अधिक चांगली कामगिरी केली, पण ते काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा, ते कधीच न वापरलेल्या विद्यार्थ्यांपेक्षा त्यांना १७ टक्के कमी गुण मिळाले. शिक्षकांच्या सल्ल्याने सूचना तयार करून, उत्तर थेट न देण्याचे बंधन घातलेल्या मॉडेलच्या बाबतीत हे नुकसान बऱ्याच अंशी टळले, तरी सरावात दिसलेली मोठी वाढ परीक्षेत उतरली नाही. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये केलेला प्रयोग इथे आठवतो. उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर ८१ टक्के मजकूर आठवला आणि वाचल्यावर स्वतःची चाचणी घेणाऱ्यांना ७५ टक्के, पण आठवड्यानंतर हेच आकडे ४२ आणि ५६ असे उलटले. म्हणजे सत्र संपताच मोजणारी कोणतीही प्रणाली चुकीच्या पद्धतीला विजयी ठरवू शकते, आणि बहुसंख्य उत्पादने नेमकी सत्र संपतानाच मोजतात, कारण ती मोजणी स्वस्त पडते.

परिणामांच्या आकड्यांबाबतही सबुरी हवी. बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ मध्ये लिहिले की वैयक्तिक शिकवणी मिळालेला सरासरी विद्यार्थी वर्गातल्या सरासरी विद्यार्थ्यापेक्षा दोन प्रमाण विचलनांनी पुढे जातो (प्रमाण विचलन म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप). तेव्हापासून हाच आकडा या क्षेत्राचे ध्येय म्हणून मिरवला जातो. कर्ट व्हॅनलेन यांनी २०११ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा मानवी शिकवणीचा परिणाम ०.७९ प्रमाण विचलन आणि पायरीगणिक मदत करणाऱ्या प्रणालींचा ०.७६ भरला. माझ्या दृष्टीने ही निराशेची बातमी नाही, कारण शिक्षणात पाऊण प्रमाण विचलन ही फार मोठी मजल आहे. निराशा वाटते ती प्रयोगशाळेतला परिणाम नेहमीच्या वर्गात आल्यावर किती घटतो हे पाहून. बीजगणित शिकवणाऱ्या ‘कॉग्निटिव्ह ट्यूटर’ या प्रणालीचे रँड या संशोधन संस्थेने अमेरिकेतल्या सात राज्यांतील दीडशेच्या आसपास शाळांत मूल्यमापन केले. २०१४ च्या त्यांच्या निष्कर्षांनुसार पहिल्या वर्षी लक्षणीय फायदा दिसला नाही, आणि दुसऱ्या वर्षी उच्च माध्यमिक शाळांत सुमारे ०.२० प्रमाण विचलनाचा फायदा दिसला. संशोधकांनी एका वर्षात काम आटोपले असते, तर ही प्रणाली निरुपयोगी ठरली असती. शिक्षकांचा हात बसायला, वेळापत्रकात जागा मिळायला आणि सॉफ्टवेअर व वर्गातले अध्यापन यांचा मेळ जमायला वेळ लागतो. उत्पादन मात्र महिन्यागणिक बदलते, त्यामुळे अभ्यासाचा निष्कर्ष हाती येईपर्यंत ज्या आवृत्तीचा अभ्यास केला ती बाजारातून गेलेली असते. अनुदान देणाऱ्यांनी किमान दोन वर्षांच्या पाठपुराव्याचा खर्च सुरुवातीलाच मंजूर करावा, असे मला ठामपणे वाटते.

या पाठपुराव्याची गाठ मुलांच्या खासगीपणाशी पडते. दोन वर्षांनंतरच्या चाचणीचा गुण आजच्या सरावाच्या नोंदीशी जोडायचा, तर मुलाची ओळख कुठेतरी जपून ठेवावी लागते, आणि मुलांच्या हिताचा विचार केला तर ती शक्य तितक्या लवकर पुसली पाहिजे. अमेरिकेत विद्यार्थ्यांची माहिती एकत्र साठवण्याचा ‘इनब्लूम’ हा प्रकल्प पालकांच्या विरोधामुळे २०१४ मध्ये बंद पडला. युरोपीय संघाने तर शैक्षणिक संस्थांमध्ये चेहऱ्यावरून किंवा आवाजावरून भावना ओळखणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेवर, वैद्यकीय व सुरक्षेची कारणे वगळता, बंदी घातली असून ती फेब्रुवारी २०२५ पासून लागू झाली आहे. कंटाळलेला चेहरा ओळखून धडा बदलणाऱ्या प्रणालींवर पुष्कळ संशोधन झाले आहे, तरीही ही बंदी मला योग्य वाटते, कारण भुवया आक्रसलेले मूल वैतागलेले आहे की विचारात गढले आहे, हे खात्रीने सांगण्याइतका पुरावा आपल्याकडे नाही. नोंदी शाळेच्याच संगणकावर ठेवून संशोधकांकडे फक्त गणनेचे निष्कर्ष पाठवण्याची पद्धत काही प्रमाणात उपयोगी पडते, पण ३०५ वजा १८७ चे उत्तर २१८ लिहिणाऱ्या मुलाची चूक समजायची असेल, तर कधीतरी त्याची प्रत्येक पायरी कुणालातरी पाहावीच लागते. ती कोणी, किती काळ आणि कोणाच्या परवानगीने पाहावी, याचे नियम संशोधन सुरू होण्यापूर्वी पालक आणि शिक्षकांसोबत बसून ठरवले गेले पाहिजेत.