तुम्ही विचारलंत म्हणून: फाहार्दो एनबीएत का गेला नाही?

फिलिपिन्सच्या बास्केटबॉलचा विषय निघाला की हा प्रश्न ठरलेला: ‘जून मार फाहार्दो 6 फूट 10 इंच उंच आहे. पीबीएत, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये, 2024 पर्यंतच आठ वेळा मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर (एमव्हीपी), म्हणजे हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू, ठरलाय. मग अमेरिकेची एनबीए राहू दे, निदान जपानला तरी का नाही गेला?’

थोडक्यात सांगायचं तर तो खेळायला उशिरा लागला, त्याचा खेळ ज्या जातीचा आहे त्याची बाहेर टंचाई नव्हती, आणि ज्या लीगमध्ये तो होता तिची रचनाच अशी की त्याच्यासारख्याला सोन्याचा भाव यावा. यातलं तिसरं कारण सगळ्यात मोठं, आणि नेमकं तेच कुणी विचारात घेत नाही.

आधी उशिराचं बघू. फाहार्दो सेबू बेटावरचा, 1989 चा जन्म. फिलिपिन्समध्ये मोठं नाव व्हायचं तर मनिलाच्या विद्यापीठांतून यावं लागतं. टीव्हीवर सामने तिथले, हेरणारे लोक तिथले. हा मात्र युनिव्हर्सिटी ऑफ सेबूकडून स्थानिक विद्यापीठ स्पर्धा खेळला. पीबीएच्या 2012 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तेव्हा, पेट्रॉन ब्लेझने, म्हणजे आजच्या सॅन मिगेल बिअरमेननेच, त्याला पहिल्या क्रमांकावर उचलला, तेव्हा तो 22 वर्षांचा होता. त्या वयात एनबीएवाले उंच पोराची पुढची दहा वर्षं जोखून मोकळे झालेले असतात. त्याच्याहून उंच, त्याच्याहून लवकर परदेशी तालीम मिळालेला फिलिपिन्सचाच काई सोट्टो 2022 च्या एनबीए ड्राफ्टमध्ये उतरला, त्यालाही कुणी निवडलं नाही. एवढ्यावरून उंचीची तिथली किंमत लक्षात यावी.

आता लीगची रचना. पीबीए 1975 पासून चालू आहे, आशियातली सगळ्यात जुनी व्यावसायिक लीग. संघ शहरांचे नाहीत, कंपन्यांचे आहेत. बिअर, जिन, रंग, वीज, टोलचा रस्ता, मोबाइल असल्या धंद्यांची नावं छातीवर घेऊन लोक खेळतात, आणि प्रेक्षक त्या नावांवर जीव टाकतात. आपल्याला जरा विचित्र वाटतं, पण कंपनीच्या नावाने कबड्डीचे संघ पाहिलेल्या मुंबईकराला वाटू नये. हंगामात साधारणपणे तीन स्पर्धा असतात. कमिशनर्स कप आणि गव्हर्नर्स कप यांत प्रत्येक संघाला एक परदेशी खेळाडू, तिकडच्या भाषेत ‘इम्पोर्ट’, घेता येतो. त्याच्या उंचीची मर्यादा स्पर्धेप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे बदलते. पण सगळ्यात मानाच्या फिलिपिन कपमध्ये इम्पोर्टच नाही. सगळे स्थानिक.

इथेच गणित बदलतं. ज्या देशात साडेसहा फुटी माणूसही सेंटर, म्हणजे रिंगजवळचा उंच खेळाडू, म्हणून उभा राहतो, तिथे 6 फूट 10 इंचाचा आणि भक्कम अंगाचा माणूस रिंगजवळ उभा राहिला तर समोरच्या संघाकडे त्याच्या मापाचा माणूसच नसतो. सॅन मिगेलने 2015 ते 2019 असे सलग पाच फिलिपिन कप जिंकले. फाहार्दोही 2014 ते 2019 सलग सहा वेळा एमव्हीपी. त्याच्याआधीचा विक्रम चारचा होता, रामोन फर्नांडेझ आणि अल्विन पॅट्रिमोनिओ यांच्या नावावर, आणि तो मोडणार नाही असं लोक धरून चालले होते.

पण नुसता उंच म्हणून तो जिंकत नाही. त्याचा डाव नीट पाहा. रिंगकडे तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताची जी जागा, तो ‘लेफ्ट ब्लॉक’. तिथे तो पाठ रिंगकडे करून आधी बूड टेकवतो, म्हणजे पाठीमागच्या बचावपटूला मांडी-कमरेने अडवून धरतो, आणि मग चेंडू मागतो. चेंडू हातात आला की खांद्यावरून एक नजर. बचावपटू खालच्या बाजूला, म्हणजे रिंगमागच्या रेषेकडे (बेसलाइनकडे) झुकला असेल तर डावा पाय पेंटच्या, म्हणजे रिंगसमोरच्या रंगवलेल्या पट्ट्याच्या, मधोमध टाकून उजव्या हाताचा हूक, म्हणजे डोक्यावरून वळवलेला फटका. मधली वाट अडवली असेल तर उजवा पाय मागे, बेसलाइनकडे फेकायचा, याला ड्रॉप स्टेप म्हणतात, आणि थेट रिंगखाली. चेंडू खाली टप्प्यात आणायचा तो एकदा, फार तर दोनदा. उंच माणूस चेंडू कमरेखाली नेतो तेव्हाच बुटके गार्ड, म्हणजे चेंडू खेळवणारे चपळ खेळाडू, तो टिपतात. कोवळ्या सेंटरांची निम्मी चूक ही असते.

याला उतारा काय? एक, त्याच्या पुढे उभं राहून पासच तोडायचा. मग पाठीमागून उंच पास टाकला जातो, आणि मदतीचा माणूस वेळेवर आला नाही तर सरळ ले-अप, म्हणजे रिंगजवळून सोपा गोल. दोन, चेंडू मिळताच दुसरा माणूस अंगावर पाठवायचा. हा उतारा खरा, पण त्याची किंमत आहे: कुठला तरी नेमबाज मोकळा सुटतो. सॅन मिगेलने त्याच्याभोवती कायम तीन गुणांचे चांगले नेमबाज ठेवले ते म्हणूनच. फाहार्दोच्या गुणांत न दिसणारी ही कमाई आहे.

तिसरा उतारा आंतरराष्ट्रीय सामन्यांत दिसतो. त्याला रिंगखालून बाहेर ओढायचं. समोरचा सेंटर गार्डसाठी आडोसा उभा करतो, गार्ड त्याला वळसा घालून येतो, आणि फाहार्दोला ठरवावं लागतं: पुढे जायचं की मागे राहायचं? पुढे गेला तर वेगात मागे पडतो, मागे राहिला तर गार्डला मोकळा शॉट. तीन गुण मारणाऱ्या सेंटरांच्या जमान्यात हा त्याचा खरा कच्चा दुवा, आणि एनबीएच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. तरी 2014 च्या विश्वचषकात सेनेगलविरुद्ध फिलिपिन्सचा दुसरा उंच खेळाडू आंद्रे ब्लाच फाउलची मर्यादा भरून बाहेर गेल्यावर जादा वेळेत आतली बाजू त्यानेच सांभाळली. फिलिपिन्स 81-79 जिंकलं. विश्वचषकातला त्यांचा 40 वर्षांतला तो पहिला विजय.

जपानचं कोडं सोपं आहे. तिथल्या लीगने आशियाई खेळाडूंसाठी वेगळी जागा केली ती 2020 मध्ये. त्याच वर्षी फेब्रुवारीत सरावात फाहार्दोचं नडगीचं हाड मोडलं आणि अख्खा हंगाम गेला. शिवाय जपानी क्लब आपले परदेशी खेळाडू बहुतेक उंचच आणतात, त्यामुळे आशियाई जागेवर त्यांना हवा असतो तो गार्ड किंवा विंग, म्हणजे कडेने खेळणारा. फिलिपिन्सचे थर्डी रावेना, कीफर रावेना गेले ते त्या वाटेने. पैशाचं म्हणाल तर पीबीएची पगाराची जाहीर कमाल मर्यादा तेव्हा महिन्याला 4,20,000 पेसो होती. जपानमध्ये त्याहून जास्त मिळू शकतं हे खरं, पण तिशी ओलांडलेल्या आणि मोडलेल्या पायाच्या सेंटरसाठी तिकडे रांग लागत नाही.

नडगी मोडलेला एवढा जड माणूस पूर्वीसारखा उडत नाही. परतल्यावर तोही उडाला नाही. जागा आधी पकडायची, चेंडू लवकर सोडायचा, रिबाउंडला, म्हणजे हुकलेला चेंडू पकडायला, उडीपेक्षा अंगाने अडवण्यावर भर द्यायचा, असा खेळ त्याने बसवला. 2023 मध्ये सातवा एमव्हीपी, 2024 मध्ये आठवा. मधे हांगझोच्या आशियाई खेळांत सुवर्ण, फिलिपिन्सला 1962 नंतरचं पहिलं.

दुखापतीचा हिशेब पाहायचा असेल तर 2016 चा फिलिपिन कप पाहा. गुडघा दुखावल्याने फाहार्दो अंतिम फेरीचे पहिले चार सामने बाहेर. अलास्का या संघाविरुद्ध सॅन मिगेल 0-3. चौथा सामना त्याच्याविना जादा वेळेत काढला, पाचव्यात तो उतरला, आणि सात सामन्यांची मालिका सॅन मिगेलने 4-3 अशी फिरवली.

आणि उलटी बाजू 2024 च्या फिलिपिन कपच्या अंतिम फेरीत. मेराल्को या वीज कंपनीच्या संघाविरुद्ध सहावा सामना, काही सेकंद उरलेले, तीन गुणांची पिछाडी. आयुष्य पेंटमध्ये काढलेल्या फाहार्दोने बाहेरून तीन गुणांचा फटका मारला, 78-78. मग ख्रिस न्यूसमने उडी मारून शॉट घेतला आणि मेराल्कोने पहिलंच विजेतेपद नेलं, 80-78.