सोलणीच्या टेबलापासून प्लांट हेडपर्यंत: घानातल्या आमच्या काजू कारखान्याची वाटचाल

आमचा कारखाना घानातल्या टेचिमान शहराबाहेर, वेंचीकडे जाणाऱ्या रस्त्याला आहे. शेतकऱ्यांकडून काजू बी घ्यायची, वाफवायची, फोडायची, गर सुकवून साल काढायची, प्रतवारी करायची आणि टेमा बंदरातून माल बाहेर पाठवायचा, हा आमचा धंदा. २०१६ च्या हंगामात सुरुवात केली. हंगाम जोरात असतो तेव्हा शंभरावर माणसं कामाला असतात आणि त्यात बायकाच जास्त. कारखान्याची प्रमुखही बाईच आहे, पण ती मी नव्हे. मी मालकीण. कारखाना चालवते ती टेचिमानजवळच्याच एका गावची, आणि तिची नोकरीची सुरुवात आमच्याकडे साल काढण्याच्या टेबलावर झाली. आमची वाटचाल सांगायची तर तिचीच सांगावी लागते, कारण कारखाना उभा राहिला तो ती वर चढत गेली तसतसा.

मी मूळची वेंगुर्ले तालुक्यातली. आई हंगामात काजू कारखान्यात जायची. बी फोडायच्या कामाला असली की हाताला राख चोळून बसायची, तरी टरफलातलं तेल लागून बोटं काळी व्हायची, कातडं निघायचं. मी बी.एस्सी. केलं, जिल्ह्यातल्याच एका कारखान्यात क्वालिटीचं काम धरलं. तिथे गोदामात येणाऱ्या पोत्यांवर घाना, बेनिन, आयव्हरी कोस्ट अशी नावं असायची. सिंधुदुर्ग काय, चंदगड-आजरा काय, आपली बी वर्षभर पुरत नाही, म्हणून आफ्रिकेतली बी आणावीच लागते. २०११ मध्ये घानातल्या एका मोठ्या कारखान्यात क्वालिटी ऑफिसरची जागा निघाली आणि मी गेले.

जगात सगळ्यात जास्त काजू बी आज आयव्हरी कोस्टमध्ये पिकते, वर्षाला दहा लाख टनांच्या वर. घानाचं पीक त्या मानाने लहान, पण बोनो भागात साम्पा, वेंची, टेचिमान इकडे काजूच्या बागा भरपूर आहेत. दुखणं असं की पश्चिम आफ्रिकेतली बहुतेक बी न फोडता, तशीच पोत्यात भरून व्हिएतनामला आणि भारतात जाते. पीक इथलं, मजुरी दुसरीकडे. बेनिनने एप्रिल २०२४ पासून कच्च्या बीच्या निर्यातीवर बंदी घातली ती याचसाठी. कोकणातल्या कारखानदारांना हे ऐकायला बरं वाटणार नाही, आणि माझं माहेर तिकडचं असल्याने मला दोन्ही बाजू कळतात. तरीही ज्या बाईने रानात वाकून बी वेचली, तिच्याच गावात ती फोडली जावी, असंच मला वाटतं.

मोठ्या कारखान्यात मी क्वालिटीतून उत्पादन व्यवस्थापक झाले. तिथे जे पाहिलं ते वेंगुर्ल्यात पाहिलं होतं तसंच होतं. सोलणी, निवड, प्रतवारी बायकांकडे. बॉयलर, बोरमा म्हणजे गर सुकवायची भट्टी, वजनकाटा, गोदाम आणि खरेदी पुरुषांकडे. माल खराब निघाला तर ओरडा टेबलावरच्या बायकांना, आणि तो का खराब निघाला हे विचारायची पद्धतच नाही. मला हे इथे जास्तच खटकायचं. टेचिमानचा बाजार पश्चिम आफ्रिकेतल्या मोठ्या बाजारांपैकी एक. तिथे याम (सुरणासारखा कंद), मका, टोमॅटो अशा एकेका मालाची एकेक ‘ओहेमा’ असते, त्या मालाच्या व्यापारी बायकांची प्रमुख. भांडणं तीच मिटवते, तिच्या शब्दाला वजन असतं. बाजारात बाईचं चालतं आणि कारखान्याच्या फाटकातून आत आल्यावर तीच बाई फक्त मजूर होते, हे मला पटत नव्हतं.

स्वतःचं काढायचं ठरवलं तेव्हा पहिला प्रश्न भांडवलाचा. घानाच्या कायद्याप्रमाणे संयुक्त कंपनीत परदेशी भागीदाराला किमान २ लाख डॉलरचं भांडवल दाखवावं लागत होतं आणि स्थानिक भागीदाराचा हिस्सा किमान १० टक्के. यंत्रसामग्री धरून, घरचं आणि नातेवाइकांचं मिळून मी ते जमवलं. भागीदार मिळाल्या त्या टेचिमान बाजारातल्याच, यामच्या मोठ्या व्यापारी. माझ्यापेक्षा वयाने बऱ्याच मोठ्या, शाळा फारशी न शिकलेल्या, पण हिशेब तोंडी आणि चोख. त्यांनी पैशाबरोबर मला एक गोष्ट दिली. कोणत्या गावात कोणाशी बोलायचं, याची ओळख.

आता कारखान्याच्या प्रमुखबाईबद्दल. ती पहिल्याच हंगामात सोलणीला आली. शाळा माध्यमिकपर्यंत, पदरी एक तान्हं मूल. इथल्या बायका मूल पाठीला कापडाने बांधून सगळी कामं करतात, पण काजूच्या टरफलाचं तेल कातडी जाळतं, तिथे मूल आणून चालणारच नव्हतं. घानाच्या कामगार कायद्यात किमान १२ आठवड्यांची पगारी बाळंतरजा आहे आणि मूल वर्षाचं होईपर्यंत कामाच्या वेळेत रोज तासभर पाजायला सुट्टी आहे. कागदावर असलेलं हे प्रत्यक्षात यावं म्हणून आम्ही फाटकाजवळ एक खोली बांधली आणि गावातल्या एका वयस्कर बाईंना मुलं सांभाळायला ठेवलं. यंत्रावर केलेल्या कुठल्याही खर्चापेक्षा त्या खोलीचा खर्च जास्त फळला, असं मी आजही म्हणते. अनुभवी बायका त्यामुळे टिकल्या.

काजूत पैसा अख्ख्या गरात. डब्ल्यू ३२० म्हणजे पाउंडात ३०० ते ३२० गर बसतील असा अख्खा पांढरा माल. तोच गर तुकडा झाला की भाव घसरतो. २०१७ च्या जानेवारीत आमच्याकडे तुकडा भयंकर वाढला. सहारातून हारमॅटनचं कोरडं वारं सुटलं होतं, ओठ फुटत होते, गोदामातल्या लाकडी पेट्यांना भेगा पडत होत्या. भट्टीवाला मात्र नेहमीच्याच वेळेला ट्रे बाहेर काढत होता, आणि बायका निष्काळजीपणाने सोलतात असं सगळे म्हणत होते.

ती टेबलावरून उठली आणि मला हाक मारून घेऊन गेली. ट्रेमधला एक गर उचलून तिने माझ्या कानाशी आणला आणि अंगठ्याने हलकेच दाबला. कट्ट आवाज होऊन त्याचे दोन भाग झाले. मग टेबलाखालून तिने एक टोपली ओढली. तिच्यातले गर तिने आदल्या संध्याकाळी ओलसर गोणपाट वर घालून ठेवले होते. त्यातला एक घेऊन अंगठा फिरवला, तशी साल सरकन सुटली आणि गर अख्खाच्या अख्खा तळहातावर. ‘मॅडम, हे वारं असेपर्यंत भट्टी लवकर उतरवा,’ एवढंच म्हणाली. ओलावा मोजला तर ३ टक्क्यांच्या बराच खाली गेलेला. सोलणाऱ्या बाईने भट्टीचं सांगायचं नाही, असं भट्टीवाल्याने तिला आधीच सुनावलं होतं. म्हणून ती माझ्याकडे आली होती.

त्या आठवड्यात आम्ही दोन बदल केले. भट्टी आणि सोलणी यांच्या मधे एक बंद खोली केली, जिथे गर थंड होतो आणि हवेतून थोडा ओलावा घेतो. आणि ट्रे भट्टीतून कधी काढायचे, यावर तिची सही लागेल असा नियम केला. नुसतं ‘सुपरवायझर’ नाव देऊन भागत नाही. माल थांबवायचा अधिकार दिला नाही, तर पद शोभेचं राहतं. पहिले काही दिवस कटकटीचे गेले. भट्टीवाला माझ्याकडे तक्रारी घेऊन यायचा आणि मी दर वेळी त्याला तिच्याकडेच पाठवायचे. हळूहळू त्याचं येणं थांबलं. तो आजही आमच्याकडेच आहे आणि दोघांचं छान जमतं. कारखान्यात सगळे तिला ‘आंटी’ म्हणतात, तोही म्हणतो.

२०१८ मध्ये बीचे भाव कोसळले. महाग घेतलेला साठा ज्यांच्या गळ्यात पडला ते कारखाने बंद पडले, आम्ही थोडक्यात वाचलो. २०२० मध्ये अक्रा, टेमा, कुमासीला टाळेबंदी लागली. टेचिमानला नव्हती, पण विमानतळ बंद असल्याने मी भारतात अडकले होते. ते महिने कारखाना पूर्णपणे तिच्या हाती होता. मी रोज फोन करायचे, निर्णय तीच घ्यायची. परत आले तेव्हा तिला प्लांट हेड करण्यापलीकडे माझ्याकडे करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

खरेदी मात्र शेवटपर्यंत पुरुषांची मिरास होती, कारण पैसा तिथे हाताळला जातो. बी घेताना कटिंग टेस्ट करतात. किलोभर बी मोजायची, प्रत्येक बी फोडायची, चांगला गर वेगळा, डागी आणि कोवळा वेगळा. चांगल्याचं पूर्ण वजन आणि डागीचं निम्मं धरून हिशेब करतात. किलोतून २७२ ग्रॅम निघाला तर ८० किलोच्या पोत्यामागे साधारण ४८ पाउंड गर. या एका आकड्यावर भाव ठरतो, आणि शेतकऱ्याला नाडायचं तर इथेच नाडतात. आता तीही खरेदीला गावात जाते, तेव्हा टेस्ट शेतकऱ्याच्या अंगणात, सगळ्यांसमोर करते आणि काटा त्यालाच वाचायला लावते. बागा बहुतेक पुरुषांच्या नावावर, पण बी वेचणाऱ्या त्यांच्या घरच्या बायका. ती त्यांनाही बोलावून शेजारी बसवते. ओलसर बी भरू नका, दोन-तीन दिवस उन्हात घाला, असं ती त्यांना सांगते. आमच्याकडे येणारी बी सुधारली ती तिथून.

एका खरेदीदाराचा माणूस माल तपासायला आला होता. त्याने दर प्रश्न आमच्या अकाउंटंटला विचारला, कारण खोलीत पुरुष तो एकटाच. ती शांतपणे उठली, त्याच्यासमोर बसली आणि लॉटचा कागद उघडून एकेक नोंद सांगत गेली. दुपारनंतर तो तिच्याशीच बोलत होता. पुढच्या ऑर्डरचा फोनही तिलाच आला.

२०२२ अखेर घानात महागाई ५४ टक्क्यांवर गेली, सेडी हे इथलं चलन घसरलं, कर्ज परवडेना. त्या वर्षी कुणालाही कामावरून कमी न करता आम्ही निभावलो, त्याचं बरंचसं श्रेय भागीदारबाईंना. त्यांनी आपल्या हिश्शाचा नफा धंद्यातच ठेवला. आता वयामुळे त्यांना मोकळं व्हायचंय. त्यांचा हिस्सा प्लांट हेडने हप्त्याहप्त्याने विकत घ्यावा, असं तिघींनी मिळून ठरवलं आहे. वकिलाकडे कागद तयार होताहेत. किंमत ठरवताना ती माझ्याशी दोन दिवस घासाघीस करत होती आणि भागीदारबाई बाजूला बसून खूश होऊन ऐकत होत्या.

बॉयलरवर अजून एकही बाई नाही. सोलणीतल्या दोन मुली ते काम शिकायला तयार आहेत. फेब्रुवारीत नवी बी यायला लागेल, त्याआधी त्यांचं प्रशिक्षण सुरू करायचं आहे. शिकवणार आहे तो आमचा जुना भट्टीवाला.