सराफ्याच्या गावात न जेवणारा मुलगा

रात्री सराफा बाजारात खाऊगल्ली भरते त्या इंदूरमध्ये राहून पोह्यांना तोंड न लावणारा मुलगा म्हणजे नातेवाइकांच्या लेखी आईने करून ठेवलेले लाडच. माझा नऊ वर्षांचा मुलगा शेव खातो, पण कोरडी, वेगळ्या वाटीत. तिला जिरावण या मसाल्याचा एक कण लागला तरी वाटी दूर सारली जाते. शेवेखेरीज साधी पोळी, दहीभात, केळे आणि एका ठरावीक कंपनीची बिस्किटे, एवढाच त्याचा आहार. कंपनीने बिस्किटांचा आकार बदलला, त्या दिवशी यादीतून तीही गेली.

सातव्या वर्षी एडीएचडीचे, म्हणजे लक्ष टिकवणे आणि स्वस्थ बसणे जड जाण्याच्या विकाराचे, निदान होऊन मिथिलफेनिडेट हे त्यावरचे औषध सुरू झाले, शाळेचा डबा भरलेला परत येऊ लागला आणि मी सगळा दोष गोळीवर टाकून मोकळी झाले. तो अगदीच खोटा नव्हता. या औषधाने भूक मंदावते आणि दीर्घकाळ टिकणारी गोळी सकाळी घेतली की तिचा अंमल नेमका दुपारच्या जेवणावर येतो, म्हणून नाश्ता गोळीआधी द्यावा लागतो आणि वजन-उंचीची नोंद नियमित ठेवावी लागते. आमच्या तक्त्यावर वजनाची रेषा आडवी झाली, तेव्हा डॉक्टरांनी विचारले, “गोळी नव्हती तेव्हा हा काय खात असे?” मी आठवू लागले, आणि उत्तर लाजिरवाणे निघाले: हेच.

या खाण्याला आर्फिड, म्हणजे पदार्थ टाळण्याचा आणि खाणे अगदी मोजके ठेवण्याचा विकार, म्हणतात. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या डीएसएम-५ या वर्गीकरणात ते २०१३ साली आले. यात बारीक होण्याची इच्छा नसते. पदार्थाचा स्पर्श, वास किंवा रंग सहन न होणे, घशात अडकेल किंवा उलटी होईल ही धास्ती, नाहीतर खाण्यातच रस नसणे, यांपैकी एक किंवा अनेक कारणे असतात. एडीएचडीच्या मुलाला त्यातच ताटावर बसून राहणे जड जाते आणि खेळाच्या नादात भूक लागल्याचे कळतही नाही. गोळीने आमच्याकडे हा आजार आणला नव्हता, फक्त उरलीसुरली भूक घेतली होती. मी मनानेच ती बंद केली असती, तर शाळेतले लक्ष गेले असते आणि पोहे तसेच राहिले असते.

“ताट संपव, मगच ऊठ” ही आमच्या घरची जुनी शिस्त. तिच्यापायी त्याला ओकाऱ्या येत आणि यादी आणखी आखडे. आता त्याचे नेहमीचे पदार्थ ताटात असतातच. कोपऱ्यात दशमीचा एक तुकडा असतो, जो खाण्याचा आग्रह कोणी करत नाही. पोळीची जवळची नातेवाईक म्हणून दशमी निवडली. तीन आठवडे तुकडा तसाच परत गेला, मग एकदा त्याने तो हुंगला.

रात्री नऊच्या सुमारास औषधाचा अंमल ओसरला की त्याला खरी भूक लागते. आठनंतर स्वयंपाकघर बंद करणाऱ्या माझ्या सासूबाई आता त्या वेळी स्वतः दहीभात कालवतात. “सगळे गाव रात्री सराफ्यात खाते, मग यानेच काय पाप केले?” असे म्हणत त्या वाटीत आणखी एक डाव घालतात.