फॉस्टर पालक होताना: मूल येण्याआधीचं प्रशिक्षण आणि आल्यानंतरचा आधार

आम्ही फॉस्टर पालक व्हायचं ठरवलं तेव्हा ओळखीतल्या बहुतेकांनी विचारलं, "म्हणजे दत्तक घेताय का?" दत्तक घेतलेलं मूल कायद्यानं कायमचं आपलं होतं. फॉस्टर केअरमध्ये मूल काही काळ आपल्याकडे राहतं, त्याचे आईवडील त्याचेच असतात आणि बहुतेक वेळा सगळ्यांची खटपट त्याला पुन्हा सुखरूप त्यांच्याकडे पाठवण्यासाठी चाललेली असते. आईचं मोठं आजारपण, घरातली मारहाण, व्यसन, कुणाचा तरी तुरुंगवास अशा कारणांनी मूल काही दिवस, काही महिने, कधी काही वर्षं दुसऱ्या घरात वाढतं. त्या दुसऱ्या घराला काय शिकावं लागतं आणि कुणाच्या आधारानं ते टिकतं, याचा हा माझा अनुभव. मुलाची ओळख पटेल असे तपशील मी मुद्दाम गाळले आहेत.

कागदपत्रं, वैद्यकीय तपासणी, पोलीस पडताळणी यांत वेळ जातो, पण ते निभतं. कस लागतो तो घरी येऊन होणाऱ्या मुलाखतींत. आमच्याकडे येणाऱ्या केसवर्कर, म्हणजे मुलाचं प्रकरण सांभाळणाऱ्या समाजकार्यकर्त्या ताईंनी घरात खोल्या किती आणि कमाई किती हे पटकन लिहून घेतलं आणि मग शांतपणे विचारलं, "लहानपणी तुम्हाला शिक्षा कशी व्हायची? तेव्हा काय वाटायचं?" तुमचं दोघांचं भांडण कसं मिटतं? जवळचं माणूस गेल्यावर ते दुःख कुणाशी बोललात? माझा नवरा या प्रश्नांवर बराच वेळ गप्प बसला होता. ताईंनी घाई केली नाही. दुखावलेलं मूल घरात आलं की ते मोठ्यांच्या नेमक्या जुन्या दुखऱ्या जागी बोट ठेवतं, म्हणून त्या जागा आधी आपल्याला माहीत हव्यात, असं त्यांनी समजावलं. आमच्या अकरा वर्षांच्या मुलाशीही त्या एकट्याशी बोलल्या. त्यानं विचारलं, "त्यानं माझ्या वस्तू मोडल्या तर मी रागवू शकतो का?" त्या म्हणाल्या, "हो, आणि मला फोनही करू शकतोस." घरातल्या पोटच्या मुलांचा विचार पुष्कळ ठिकाणी राहून जातो. तो झाला, याचं मला फार मोल वाटतं.

मग प्रशिक्षण. सुरुवातीच्या सत्रांत थोडा इतिहास होता. जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञानं जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ मध्ये घर हरवलेल्या मुलांवर अहवाल लिहिला. लहान मुलाला खाणं, कपडे, औषध यांच्याइतकीच एका जवळच्या माणसाच्या सततच्या सोबतीची गरज असते, हा त्याचा गाभा. पण माझ्या मनात घर केलं ते जेम्स आणि जॉयस रॉबर्टसन या जोडप्यानं. आई बाळंतपणासाठी इस्पितळात असताना मोठ्या भावंडाचं काय होतं हे समजून घ्यायला १९६०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी चार लहान मुलं पाळीपाळीनं स्वतःच्या घरी सांभाळली आणि ते सगळं चित्रित केलं. मूल राहायला येण्याआधी त्याच्याशी ओळख करून घेतली, त्याची खेळणी बरोबर आणू दिली, आईचा फोटो दाखवून तिच्याबद्दल बोलत राहिले, वडिलांना भेटायला येऊ दिलं. मुलं कावरीबावरी झाली, पण तरली. त्याच मालिकेत सतरा महिन्यांचा एक मुलगा नऊ दिवस निवासी पाळणाघरात राहतो. तिथल्या परिचारिका प्रेमळ होत्या, पण पाळ्या बदलत राहायच्या. तो एकीकडून दुसरीकडे झेपावायचा, मग झेपावणंच सोडून देतो. नवव्या दिवशी आई न्यायला येते तेव्हा तो तिच्यापासूनच तोंड फिरवून रडतो. प्रशिक्षिकेनं हे सांगितल्यावर वर्गात बराच वेळ कुणी बोललं नाही. मुलाचं मागचं घर पुसून टाकायचं नसतं, ते बरोबर आणायचं असतं, हे मला तिथे समजलं.

मेरी डोझियर या मानसशास्त्रज्ञ बाईंचं काम त्याहून उपयोगी निघालं. फॉस्टर घरात आलेली लहान मुलं पुष्कळदा "मला तुमची गरज नाही" असं वागतात, आणि त्यांना सांभाळणारी माणसंही नकळत तशीच वागू लागतात: बोलावलं नाही ना, मग जायचं कशाला. डोझियर यांनी यासाठी घरभेटींचा दहा सत्रांचा कार्यक्रम तयार केला. त्यात मार्गदर्शक तुमच्यासमोर बसून, तुम्ही मुलाशी खेळत असतानाच, जे नीट जमतंय ते तिथल्या तिथे बोलून दाखवते. मूल मागत नसलं तरी माया द्यायची, खेळात त्याच्या मागे जायचं, त्याला भीती वाटेल असं वागणं टाळायचं, ही त्यातली तीन सूत्रं. आमच्या वर्गात यावर नाट्यछटा झाल्या. मोठी माणसं जमिनीवर बसून एकमेकांची मुलं झाली होती. मला पाठ फिरवून बसलेल्या मुलाची भूमिका मिळाली, आणि समोरची बाई निघून न जाता शेजारी नुसती बसून राहिली तेव्हा किती हायसं वाटतं ते मला अंगानं कळलं.

एका सत्राला एक आई आली होती. तिची मुलगी काही काळ फॉस्टर घरी राहून परत आली होती. ती म्हणाली, "भेटीला पोरगी नव्या कपड्यांत, नव्या वेणीत आली. सगळे म्हणाले, किती छान दिसतेय. मला वाटलं, आता ही माझी राहिली नाही." मग म्हणाली, "मला एकदा तरी विचारायला हवं होतं की हिला झोपवताना तुम्ही काय करायच्या." प्रशिक्षणात एकच सत्र ठेवता येणार असेल तर मी हे ठेवेन.

आमच्याकडे आलेला मुलगा पाचेक वर्षांचा होता. त्यानं आम्हाला काय म्हणायचं ते त्याच्यावर सोडलं होतं. त्यानं मावशी आणि काका ठरवलं. सुरुवातीला तो इतका शहाण्यासारखा वागायचा की नातेवाईक कौतुक करायचे. हा पाहुणेपणा आहे, तो ओसरेल, असं आम्हाला सांगून ठेवलेलं होतं. ओसरला. उशीखाली बिस्किटं सापडू लागली, कपाटात पावाचे वाळलेले तुकडे. ज्या मुलानं उपाशी रात्री काढल्या आहेत त्याच्यासाठी ती साठवण म्हणजे सुरक्षितता असते. ती उचलून फेकायची नाही, रागवायचं नाही, कपाटाला कुलूप लावायचं नाही. आम्ही त्याच्या पलंगाशेजारी त्याच्या नावाचा डबा ठेवला, तो कधी रिकामा होऊ दिला नाही, आणि डब्यात काय हवं ते त्याला विचारत राहिलो.

त्याहून जड गेलं ते त्याचं न रडणं. पडला, गुडघा फुटला, तरी उठून एकटाच नळाशी जायचा. मी दर वेळी मागोमाग जायचे, खाली बसायचे, "लागलं ना रे" म्हणायचे. तो हात झटकायचा. नाट्यछटेतला तो अनुभव गाठीशी नसता तर मी पाच-सहा वेळांनंतर जाणं सोडलं असतं असं वाटतं. बऱ्याच काळानं एक दिवस तो ओरखडाही नसलेलं बोट दाखवायला माझ्याकडे आला. मी पट्टी लावली.

आईच्या भेटीनंतरचे दोन-तीन दिवस घर उलटंपालटं व्हायचं. अंथरूण ओलं, खेळणी मोडलेली, आमच्या मुलाशी मारामारी. जवळची माणसं कळकळीनं सांगायची, "भेटी बंद करा, पोराला त्रास होतो." त्रास होतच होता. तो आईपासून पुन्हा तुटण्याचा होता, आणि भेटी तोडल्या असत्या तर तो वाढलाच असता. आम्ही भेटीनंतरचा दिवस मोकळा ठेवू लागलो: पाहुणे नाहीत, बाहेर जाणं नाही, लवकर झोप.

अशा दिवसांत वर्गातलं शिकणं एकटं पुरत नाही. पुरतं ते फोन उचलणारं माणूस. आमच्या संस्थेची एक कार्यकर्ती दर आठवड्याला ठरल्या वेळी फोन करायची आणि एक यादी वाचायची: गेल्या चोवीस तासांत यांतलं काय काय झालं? हट्ट, खोटं बोलणं, मारणं, अंथरूण ओलं करणं, वस्तू फोडणं. ही पद्धत पॅट्रिशिया चेंबरलेन या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अमेरिकेतल्या कामातून आली आहे. सॅन दिएगोतल्या फॉस्टर आणि नातेवाईक पालकांवर केलेल्या त्यांच्या २००६ च्या अभ्यासात असं दिसलं की दिवसाला साधारण सहापर्यंत त्रासाच्या गोष्टी पालक झेलतात, आणि त्यापुढच्या प्रत्येक गोष्टीगणिक मूल त्या घरातून हलवलं जाण्याची शक्यता १७ टक्क्यांनी वाढते. हे ऐकलं तेव्हा मला आतून धीर आला. घर मोडकळीला येणं हे माणसाच्या चांगुलपणाचं मोजमाप ठरत नाही. ओझं किती आहे ते मोजता येतं, आणि मोजलं की वेळेवर वाटून घेता येतं. त्याच गटानं उभ्या केलेल्या कार्यक्रमात पालकांचा छोटा गट १६ आठवडे भेटतो. आमचाही गट त्या धर्तीवर होता. तिथे कुणी उपदेश करायचं नाही. "आज मला तो आवडला नाही" असं म्हणता यायचं, आणि समोरची बाई मान हलवून पुढचा प्रश्न विचारायची: "झोपला किती वाजता?"

महिन्यातून एक शनिवार-रविवार तो दुसऱ्या एका फॉस्टर कुटुंबाकडे राहायचा. ही विसाव्याची सोय घ्यायला आम्ही कचरत होतो, मुलाला पुन्हा कुणी टाकल्यासारखं वाटेल म्हणून. पण दर वेळी तेच घर, तीच माणसं आणि परतीची वेळ आधीच कॅलेंडरवर लिहिलेली असल्यानं तो ते घर स्वतःचं आजोळ असल्यासारखं सांगू लागला. विसावा म्हणजे चैन असं मानणाऱ्या संस्थेत मी नाव नोंदवणार नाही.

मग आमच्या केसवर्कर ताई नोकरी सोडून गेल्या. नव्या ताई येईपर्यंत फाइल कुणाच्याच टेबलावर नव्हती. आईची एक भेट ठरलीच नाही. मुलानं विचारलं, "ती पण गेली?" या ठिकाणी मला संताप आला होता आणि तो रास्त होता, पण तो त्या ताईंवर नव्हता. एकेका कार्यकर्तीकडे किती मुलं सोपवलेली होती ते मी पाहिलं होतं. मुलांच्या मारहाणीच्या, उपासमारीच्या हकिकती रोज ऐकणाऱ्यांच्या स्वतःच्या मनावर तसेच घाव उमटतात: झोप उडते, धसका बसतो, नाहीतर सगळं बधिर होतं. चार्ल्स फिगली या अमेरिकी अभ्यासकांनी १९९०च्या दशकात यावर सविस्तर लिहिलं. या लोकांना नियमित सुपरव्हिजन लागतं, म्हणजे वरिष्ठानं फाइल तपासणं नव्हे, तर "या घरातून बाहेर पडताना तुला काय झालं?" असं विचारून ऐकून घेणं.

अमेरिकेतल्या मिलवॉकीमधल्या २००५ च्या एका पाहणीत, ज्या मुलांचा केसवर्कर एकदाही बदलला नाही त्यांतल्या ७४.५ टक्के मुलांना कायमचं घर मिळालं होतं, आणि एकदा बदलला त्यांत फक्त १७.५ टक्क्यांना. जास्त काळ व्यवस्थेत राहिलेल्या मुलांचे केसवर्कर बदलण्याची शक्यता मुळातच जास्त, त्यामुळे सगळा फरक बदलीचा धरता येत नाही. पण बदली झाली की काय निसटतं ते आम्ही पाहिलं: आई कोणत्या दिवशी कामाला जाते, मुलाला कोणत्या आवाजाची भीती वाटते, हे फाइलमध्ये नसतं. याउलट रुमानियात २००० साली सुरू झालेल्या बुखारेस्टच्या प्रकल्पात १३६ लहानग्यांपैकी निम्मी फॉस्टर घरांत गेली आणि निम्म्यांच्या बाबतीत नेहमीची, म्हणजे मुख्यतः अनाथालयांतली व्यवस्था चालू राहिली. घरात गेलेली मुलं, विशेषतः दोन वर्षांच्या आत गेलेली, बुद्धीनं आणि मायेच्या नात्यांत पुष्कळ सावरली. तिथे फॉस्टर पालकांकडे समाजकार्यकर्त्या वारंवार जायच्या, आणि त्या समाजकार्यकर्त्यांना पुन्हा अनुभवी तज्ज्ञांचा नियमित सल्ला होता. मुलामागे पालक, पालकामागे कार्यकर्ती, कार्यकर्तीमागे कुणीतरी. आमच्याकडे तुटली ती शेवटची कडी, आणि हादरा पोहोचला पाच वर्षांच्या मुलापर्यंत.

संयुक्त राष्ट्रांनी २००९ मध्ये पर्यायी संगोपनाची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. फॉस्टर पालकांना तयारी, आधार आणि समुपदेशन मूल येण्याआधी, असताना आणि गेल्यानंतरही नियमित मिळावं, असं त्यांत स्पष्ट म्हटलं आहे. "गेल्यानंतरही" याचा अर्थ मला आमच्याकडे आलेला मुलगा आईकडे परतला तेव्हा कळला. परतणं हळूहळू झालं: आधी दुपार, मग रात्र, मग आठवडा. मी त्याच्या आईला एक वही दिली. त्यात त्याचं झोपणं, खाणं, भीती, नवे शब्द, डॉक्टरांच्या तारखा होत्या, आणि फोटो. तिनंही मला सांगितलं की अंगाईच्या जागी ती त्याला गाड्यांची नावं म्हणून झोपवायची. हे मला माहीत नव्हतं, आणि आता वही तिच्याकडे होती, म्हणून तिनंच ते तिच्यात लिहिलं.

तो सुखात आहे, जवळच आहे, आणि आपल्या घरात नाही, या दुःखाला समाजात जागा नाही. कुणी भेटायला येत नाही. उलट "छान झालं की" म्हणतात, आणि छान झालेलंच असतं. पॉलिन बॉस या कुटुंबोपचारतज्ज्ञ बाईंनी अशा धूसर, शेवट न होणाऱ्या विरहावर आयुष्यभर काम केलं आहे. आमच्या गटात त्यावर एक संध्याकाळ ठेवली गेली आणि आमचा पोटचा मुलगा तिथे पहिल्यांदा मोठ्यानं रडला. समुपदेशक त्याच्याशी त्यानंतरही भेटत राहिली.

आता मी त्याच प्रशिक्षणात भेटींवरचं सत्र घेते. आमच्या गटानं संस्थेला दोन मागण्या लेखी दिल्या होत्या. नव्या केसवर्करनी फॉस्टर पालकांबरोबर एकाच वर्गात बसून शिकावं, ही मान्य झाली आहे. केसवर्कर बदलताना जुन्या आणि नव्या दोघांनी एकत्र घरी येऊन मुलाला भेटावं, ही अजून झालेली नाही. ती आम्ही पुन्हा पाठवली आहे, या वेळी मुलांच्या आयांच्याही सह्या घेऊन.