औषध मोडणारी विकरे

सदाशिव पेठेतल्या एका प्रयोगशाळेतून मामांच्या लघवीच्या कल्चरचा रिपोर्ट आला, तेव्हा ई. कोलाय या जिवाणूच्या नावाखाली ‘ईएसबीएल पॉझिटिव्ह’ असा शेरा होता आणि सेफट्रायअ‍ॅक्सोन, सेफोटॅक्झिम या प्रतिजैविकांसमोर ‘आर’ (रेझिस्टंट, म्हणजे औषध निष्प्रभ) छापलेला होता. ‘यांच्या अंगाला आता औषधच लागत नाही,’ असा निष्कर्ष घरात लगेच निघाला. चांगल्या शिकल्यासवरलेल्या माणसांतही हा समज पक्का असतो, आणि तो साफ चुकीचा आहे; अंग तेच असते, पण जिवाणू औषधाचा रेणूच मोडून टाकत असतो.

पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन या दोन्ही गटांच्या रेणूंत चार अणूंचे एक ताणलेले कडे असते. जिवाणूची पेशीभित्तिका बांधणारी विकरे (एन्झाइम्स) या कड्याला चिकटतात ती अडकूनच बसतात, भित्तिकेचे काम थांबते आणि जिवाणू फुटतो. बीटा-लॅक्टमेज हे विकरही त्याच कड्याला धरते. मात्र ते पाण्याच्या रेणूच्या साहाय्याने कडे फोडून स्वतः मोकळे होते आणि पुढच्या रेणूकडे वळते. अब्राहम आणि चेन या शास्त्रज्ञांनी अशा विकराची नोंद १९४० साली केली होती, म्हणजे आपल्या पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना होण्याच्याही कितीतरी आधी.

रिपोर्टातले ईएसबीएल म्हणजे सेफोटॅक्झिमसारखी औषधेही मोडणारे बीटा-लॅक्टमेज. ते ओळखण्याची एक जुनी रीत मला फार आवडते. जिवाणू पसरलेल्या प्लेटवर सेफोटॅक्झिमची चकती ठेवतात आणि थोड्या अंतरावर क्लॅव्ह्युलॅनिक आम्लयुक्त चकती. दुसऱ्या दिवशी दोन चकत्यांच्या मधल्या भागात जिवाणूंची वाढ थांबलेली दिसते, कारण क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल विकराला गुंतवून ठेवते आणि सेफोटॅक्झिम शाबूत राहते.

२००९ साली वर्णन झालेल्या एनडीएम-१ या बीटा-लॅक्टमेजपुढे मात्र ही युक्ती चालत नाही. ते जस्ताच्या आयनांच्या मदतीने कडे फोडते, त्यामुळे क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल त्याला अडवू शकत नाही, आणि शेवटचा उपाय म्हणून राखीव ठेवलेली कार्बापेनेम गटातली प्रतिजैविकेही त्याच्या तावडीतून सुटत नाहीत. अ‍ॅझट्रिओनाम हे औषध एनडीएमला मोडता येत नाही. पण त्याच जिवाणूत बहुधा ईएसबीएलही असते आणि ते अ‍ॅझट्रिओनाम मोडते, म्हणून त्याला आवर घालणारे अ‍ॅव्हिबॅक्टम सोबत द्यावे लागते.